दोन तिकिटांचा विमानप्रवास

मंडळी, परभणीच्या माणसाने विमानाच्या प्रवासाबद्दल काय सांगावे, असे कोणी म्हणेल. आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. विमान गाठायचे तर नांदेडला जावे लागते, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर थेट हैदराबादला. पण तुमच्याच गावात आठवून पाहा. कोणाचा मुलगा फौजेत आहे आणि रजा संपवून ईशान्येकडे आपल्या पलटणीत परत जायचा आहे. कोणाच्या मुलीला दूरच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे. कोणाच्या म्हाताऱ्या आईला परमुलखातल्या इस्पितळात तारीख मिळाली आहे. ही माणसे आता विमानाने जातात. हौस म्हणून नव्हे, वेळेवर पोचायचे म्हणून जातात. आणि नेमकी वेळच चुकली तर काय होते, तेच आज पाहू.

समजा, सेलूची एक मुलगी आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून तिने पदवी घेतली. गुवाहाटीला तिची मुलाखत आहे. भावाने मोबाईलवर पाहिले. नांदेडहून हैदराबादला एका कंपनीचे विमान मिळाले आणि हैदराबादहून गुवाहाटीला दुसऱ्या कंपनीचे. त्याने दोन वेगवेगळी तिकिटे काढली. पहिले विमान साडेदहाला पोचणार होते, दुसरे बाराला सुटणार होते. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, दीड तास आहे की! एवढ्या वेळात दोन चहा होतील.’’

पहिले विमान अगदी वेळेवर पोचले. आणि तरीही ताईचे दुसरे विमान चुकले.

हे कसे झाले, ते कळले म्हणजे आजचा विषय कळला. विमानातून उतरून, लांबलचक वाट चालून आत यायला वीस मिनिटे गेली. दहा पन्नास झाले. मोठी बॅग पट्ट्यावर यायला पंचवीस मिनिटे लागली. सव्वाअकरा झाले. बॅग घेऊन बाहेर पडायचे, सुटणाऱ्या विमानांच्या बाजूला जायचे, दारावरच्या जवानाला तिकीट आणि ओळखपत्र दाखवून पुन्हा आत शिरायचे, यात पंधरा मिनिटे गेली. साडेअकरा वाजता ती काउंटरवर उभी राहिली. पण देशांतर्गत विमानाचे सामान घेण्याचे काउंटर बहुधा सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. बाराच्या विमानाचे काउंटर अकरालाच बंद झाले होते. भावाला दिसलेला दीड तास खरे पाहता अर्धाच तास होता.

आता दोष कोणाचा? पहिल्या कंपनीचा नाही, तिने वेळेवर पोचवले. दुसऱ्या कंपनीचाही नाही, तिचे विमान वेळेवर गेले. दोघींच्या मधली जी जागा होती, तिचा धनी कोणीच नव्हता. म्हणजे, धनी ती मुलगीच होती, पण हे तिला कोणी सांगितले नव्हते.

जुन्या मंडळींना मनमाडचे दिवस आठवत असतील. १९९० च्या दशकात आपल्याकडे रुंद रूळ आले, तोवर परभणीहून मुंबईला जाताना मनमाडला छोट्या लाइनीतून उतरून मोठ्या लाइनीच्या गाडीत चढावे लागे. ट्रंक, वळकटी, पोरेबाळे, सगळी धावपळ होई. पण खिशात तिकीट एकच, परभणी ते मुंबई. छोटी गाडी उशिरा आली आणि पुढची गाडी निघून गेली, तरी ते साधे तिकीट वाया जात नसे. त्यानंतरच्या गाडीत चढता येई. रेल्वेने मुंबईला पोचवायचा पैसा घेतला होता, तेव्हा मधल्या फलाटाची काळजीही तिचीच होती.

आज रेल्वेचीही आरक्षणाची दोन तिकिटे असली तरी एक सोय आहे. १ एप्रिल २०१९ पासून एकापुढे एक अशा दोन गाड्यांच्या तिकिटांचे पी.एन.आर. क्रमांक एकमेकांना जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर नियमाप्रमाणे मुदतीत अर्ज केल्यास न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळते. रेल्वे एकच आहे, म्हणून हे जमते. विमानाच्या कंपन्या वेगवेगळ्या आहेत. एकीचे विमान उशिरा आले, म्हणून दुसरी आपले नुकसान का सोसेल?

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात धरा. विमानाचे तिकीट म्हणजे करार. एका तिकिटावर नांदेड ते गुवाहाटी असे लिहिलेले असेल, तर हैदराबादला विमान बदलायचे असले तरी करार गुवाहाटीपर्यंतचा. मध्ये खोळंबा झाला तर पुढच्या विमानात बसवून देणे हे कंपनीचे काम. दोन तिकिटे असतील, तर दोन करार. पहिला करार हैदराबादच्या जमिनीवर संपला. तुम्हाला पुढे गुवाहाटीला जायचे आहे, हे पहिल्या कंपनीच्या दप्तरी कोठेच नाही.

सरकारचा नियमही असेच सांगतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांच्या हक्कांचे नियम ऑगस्ट २०१० मध्ये लागू केले आणि पुढे ते वेळोवेळी सुधारले. त्यात पुढचे विमान चुकल्याची भरपाई सांगितली आहे, पण तिथे शब्द घातले आहेत ते ‘त्याच तिकीट क्रमांकावरचे’ विमान असे. सगळा खेळ या शब्दांवर आहे. आणखी एक बारकावा असा, की दोन्ही विमाने एकाच कंपनीची असली तरी तिकिटे वेगळी काढली असतील, तर ती वेगळीच मानली जातात. विमानांचा रंग सारखा आहे म्हणून फसू नका. पी.एन.आर. एक आहे की दोन, ते पाहा.

तुम्ही म्हणाल, मग एकच तिकीट काढावे, प्रश्न मिटला! खरे आहे. मिळत असेल तर थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे. पण आपल्या भागात ते नेहमी मिळत नाही. लहान गावांना जोडणारी विमाने बहुधा लहान कंपन्या चालवतात, आणि मोठ्या कंपन्यांशी त्यांचा एका तिकिटाचा करार असतोच असे नाही. नांदेडचेच पाहा. सरकारच्या ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हे एक होते. ट्रूजेट कंपनी ते चालवीत असे. ती कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. पुढे २०२४ मध्ये स्टार एअर या कंपनीने नांदेडहून विमाने सुरू केली. तात्पर्य, छोट्या विमानतळावरची सेवा कधी सुरू होते, कधी खंडते, कधी दिवस बदलते. सहा महिने आधी पुढचे स्वस्त तिकीट काढून ठेवायचे आणि नांदेडचे विमान असेलच असे धरून चालायचे, हे मृगाच्या भरवशावर उसनवारी करण्यासारखे आहे. आधी नांदेडचे विमान त्या तारखेला आहे की नाही ते पाहा आणि मग पुढचे ठरवा.

आता मधल्या वेळेचा हिशेब. वर सांगितल्याप्रमाणे उतरणे, बॅग घेणे, पुन्हा आत शिरणे यांना तास जातो. त्यात काउंटर बंद होण्याचा तास मिळवा. झाले दोन तास. यात अजून एक मिनिटही उशीर धरलेला नाही. विमानाला तास-दीड तास उशीर होणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून सामान असेल तर निदान चार तास मध्ये ठेवावेत, असे मी सांगेन. सामान नसेल, हातातली सात किलोपर्यंतची पिशवीच असेल, आणि बोर्डिंग पास आधीच मोबाईलवर घेतला असेल, तर काउंटरचे काम राहत नाही. मग तीन तासांत भागते. पण विमानाचे दारही सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते, हे विसरू नका. काही विमानतळांवर एका विमानातून दुसऱ्यात जाणाऱ्याला बाहेर न पडता आतूनच तपासणी करून पुढे सोडतात. उतरल्याबरोबर तिथल्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

सामानाबद्दल दोन शब्द. एका तिकिटावर बॅगेला शेवटच्या मुक्कामाची चिठ्ठी लागते आणि ती परस्पर पुढे जाते. दोन तिकिटांवर ती मध्येच उतरते. ती घेतली नाही, तर तुम्ही गुवाहाटीला आणि तुमचे कपडे हैदराबादला! तेव्हा नांदेडला बॅग देताना चिठ्ठीवर कोणत्या गावाचे नाव आहे, ते वाचून घ्यावे. दोन्ही कंपन्यांची वजनाची मर्यादाही तपासावी. मोठ्या कंपन्या साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो नेऊ देतात, लहान विमानाची मर्यादा वेगळी असू शकते. जी कमी असेल, तिच्याप्रमाणे बांधाबांध करावी. आईने दिलेले लोणच्याचे बरणीभर प्रेम हातातल्या पिशवीत नेता येत नाही, हेही घरात आधी सांगून ठेवलेले बरे.

यानंतर गावाच्या नावाचा घोटाळा. तिकिटावर ‘मुंबई’ लिहिले म्हणजे सगळे एकाच ठिकाणी, असे आता राहिलेले नाही. जुन्या विमानतळावर दोन टर्मिनले आहेत, एक सांताक्रूझकडे आणि दुसरे सहारकडे. एकातून दुसऱ्यात रस्त्याने जावे लागते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळचा नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. एक विमान इथे उतरायचे आणि दुसरे तिथून सुटायचे असेल, तर मध्ये सगळी मुंबईची रहदारी आडवी येते. दिल्लीतही टर्मिनले एकमेकांपासून लांब आहेत. शिवाय यमुनेपलीकडे गाझियाबादजवळ हिंडनचा विमानतळ आहे. २०२४ मध्ये नांदेडहून दिल्लीसाठी सुरू झालेले विमान तिथेच उतरत असे. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत. हैदराबाद या बाबतीत सोपे, शमशाबादला एकाच इमारतीत सगळा कारभार आहे. विमानतळाची तीन अक्षरी खूण तिकिटावर असते. मुंबईच्या जुन्या विमानतळाची बी.ओ.एम., नव्याची एन.एम.आय. ती अक्षरे आणि टर्मिनलचा आकडा दोन्ही तिकिटांवर ताडून पाहावा. विमानतळ बदलत असेल तर सहा-सात तासही जास्त समजू नयेत.

आता एक मुद्दा असा सांगतो, जो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. जाताना आणि येताना सारखेच अंतर ठेवून चालत नाही. जाताना हैदराबादहून पुढचे विमान चुकले, तर मोठ्या शहरांकडे त्याच दिवशी दुसरे विमान मिळण्याचा संभव असतो. पैसे जातील, पण माणूस पोचेल. येताना नांदेडचे विमान चुकले तर? ते दिवसातून एकदा असेल, कदाचित रोजही नसेल. मग परक्या गावात एक-दोन रात्री काढाव्या लागतील. म्हणजे ज्या विमानामागे दुसरे विमान नाही, त्याच्या आधी जास्त वेळ ठेवावा. येतानाचा दुसरा उपाय आपल्या हाताशी आहे, तो म्हणजे रेल्वे. हैदराबादच्या बाजूने नांदेड, परभणीकडे देवगिरी एक्सप्रेससारख्या गाड्या येतात. शेवटचा टप्पा गाडीने केला, तर विमान दोन-तीन तास उशिरा आले तरी रात्रीची गाडी सापडू शकते. पण रेल्वे आणि विमान हीदेखील दोन तिकिटेच. जाताना परभणीहून गाडीने हैदराबाद गाठून विमान धरायचे असेल, तर गाडी पोचण्याची वेळ आणि विमानाची वेळ यांत निदान सहा तास असू द्या. स्टेशन शहरात आहे आणि विमानतळ शहराबाहेर.

उशीर का होतो, हेही थोडे समजून घेऊ. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी पहिल्या गावी अर्धा तास गेला, की तो पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटत जातो. संध्याकाळपर्यंत अर्ध्याचे दोन तास होतात. एस.टी.ची दिवसाची शेवटची फेरी आठवा, तसेच हे. म्हणून सकाळचे विमान बरे. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे सकाळीच दाट धुके पडते, तिथे हा नियम उलटा होतो. जुलैत मुंबईचा पाऊस आहे. आणि निसर्गाखेरीज माणसाची कारणेही आहेत. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि पुरेसे वैमानिक कामावर नव्हते, म्हणून डिसेंबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात देशभरात हजारो विमाने रद्द झाली. आकाश निरभ्र होते, तरी माणसे विमानतळावर अडकली. तेव्हा ज्या कामाची तारीख फिरून येत नाही, म्हणजे परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया, पलटणीत हजर होण्याचा दिवस, त्यासाठी तासांचा हिशेब करूच नका. एक दिवस आधी निघा. एका रात्रीच्या खोलीचे भाडे हा त्या प्रवासाचा खर्चच समजा.

आता हक्काचे. दोन तिकिटे असली तरी प्रत्येक तिकिटापुरते तुमचे हक्क शाबूत आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर चहा-फराळाची सोय कंपनीने करावी. सहा तासांहून अधिक उशीर असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी निवड तुमची. विमान रद्द झाले तरी हीच निवड. पण हे त्या एका तिकिटापुरते. पहिले विमान रद्द झाले आणि त्याचे तीन हजार परत आले, तरी दुसऱ्या तिकिटाचे सात हजार त्यामुळे परत येत नाहीत. तरी एक करावे. पहिल्या विमानाला उशीर होतो आहे असे दिसताच दुसऱ्या कंपनीला लगेच फोन करावा. विमान सुटण्याआधी तारीख बदलली तर काही पैसे वाचतात. सुटल्यावर ‘प्रवासी हजर नव्हता’ असा शेरा पडतो आणि भाडे बुडते. तेव्हाही सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागता येते. ते मागावे, आपोआप येण्याची वाट पाहत बसू नये.

आणि ही सगळ्यांत साधी, पण आपल्याकडे नेहमी चुकणारी गोष्ट. तालुक्याच्या दुकानातून तिकीट काढले, की दुकानदार आपलाच मोबाईल नंबर घालतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्या मोबाईलवर जातो आणि तुम्ही नांदेडच्या वाटेवर असता. नियमही असा आहे, की प्रवाशाने संपर्काचा नीट पत्ता दिला नसेल, तर कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही. म्हणून दुकानदाराला ठणकावून सांगा, ‘‘दोन्ही तिकिटांवर नंबर माझा घाला.’’ नावही ओळखपत्रावर आहे तसेच लिहून घ्या. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार करता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

मंडळी, वेगळी तिकिटे काढूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. कधी ती बरीच स्वस्त पडतात, कधी त्यांच्यावाचून वाटच नसते. पण स्वस्ताईचा हिशेब पुरा करा. दोन तिकिटांनी पंधराशे वाचत असतील, तर चुकल्यास सात हजार जातील, हेही शेजारी मांडा. जो वेळ मध्ये ठेवाल, तोच तुमचा विमा.

गुरुजींना एक विनंती आहे. वेळेची बेरीज-वजाबाकी शिकवताना सेलूच्या ताईचे उदाहरण मुलांना घाला. साडेदहाला उतरली, विमान बाराला, काउंटर अकराला बंद. तर तिच्याजवळ वेळ किती? बहुतेक मुले दीड तास म्हणतील. एखादे मूल अर्धा तास म्हणेल. त्या मुलाला फळ्याजवळ बोलवा आणि बाकीच्यांना समजावून सांगायला लावा. उद्या त्याच वर्गातले कोणीतरी घरच्यांचे तिकीट काढणार आहे.